दादर स्थानकावरचे बाकडे आणि लाल पेन

इंटर्नशिपमध्ये शिकलेले स्वतःपुरते न ठेवता, विद्यार्थी मंडळाची प्रमुख म्हणून कनिष्ठांना अर्जापासून मुलाखतीपर्यंत मदत करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीवरील हा लेख मनापासून भावला. माझी मुलगी डोंबिवलीहून लोकलने माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकायला जात असे; घरात कोणी अभियंता नसल्यामुळे इंटर्नशिप कुठे आणि कशी मागायची, हे सांगणारे आमच्याकडे कोणीच नव्हते. तिच्या एका वरिष्ठ विद्यार्थिनीने दादरच्या फलाटावरील बाकड्यावर बसून, तीन गाड्या सोडून, तिच्या अर्जातील ‘मेहनती व जिज्ञासू’ हे शब्द लाल पेनाने खोडले आणि त्या जागी प्रयोगशाळेत तिने स्वतः जोडलेल्या सर्किटचे वर्णन लिहून घेतले. तो कागद आजही आमच्याकडे जपून ठेवलेला आहे.

१९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करणे अपेक्षित असते. कनिष्ठांना दिलेले असे तासही महाविद्यालयांनी आपल्या पातळीवर नोंदवावेत, असे मला वाटते. मात्र विनावेतन इंटर्नशिपचा प्रश्न लेखात यायला हवा होता, कारण कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या मुलांना पास आणि जेवणाचा खर्चही जड जातो.