चुकलेल्या दिवसाचा नियम ही सवलत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘सत्तर दिवस, तीन सवयी’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तीन छोट्या सवयी एकेक करून लावायच्या आणि सत्तर दिवस रोज तक्त्यात खूण करायची, असं त्यातलं चॅलेंज आहे. तुम्ही लिहिलंय: “एक दिवस चुकला तरी चालेल असं आधीच सांगून ठेवलं, तर ते चॅलेंज कसलं? ही आळशी लोकांची सोय झाली. खरं चॅलेंज पंच्याहत्तर दिवसांचं. एक काम चुकलं की पुन्हा पहिल्या दिवसापासून.” त्याखाली दोन मिनिटांच्या सवयींबद्दल, तक्त्याबद्दल आणि वजनाबद्दलही तुम्ही लिहिलंय. त्याकडे नंतर येते.

आधी तुमच्या भाषेबद्दल. मत वेगळं असायला माझी हरकत नाही. पण ‘आळशी’ हे मत नाही, तो शेरा आहे. आणि तो एकट्या माझ्यावर नाही. तुमच्या अगदी वरच एका वाचकाने आपला अर्धवट भरलेला तक्ता दाखवून मदत मागितली होती. तो वाचून झाल्यावर तुम्ही हा शब्द लिहिलात. मी बरीच वर्षं या विषयावर लिहिते आहे, लोकांचे असे तक्ते पाहते आहे. रिकामा रकाना दिसला की माणूस आळशी, हा निष्कर्ष काढायला काहीच लागत नाही. तो रकाना रिकामा का राहिला हे शोधायला लागतं.

दुसरं म्हणजे ‘चालेल’ हा शब्द तुमचा आहे. लेखात असं आहे: ‘एक दिवस चुकला तर मोजणी पुढे चालू ठेवा, सलग दुसरा दिवस चुकवू नका.’ दुसरं अर्धं वाक्य तुम्ही गाळलंत आणि पहिल्यावर टीका केलीत.

आता पहिल्या दिवसापासून सुरू करण्याबद्दल. तुम्ही नाव घेतलं नाही, पण वर्णन ‘सेव्हंटी फाइव्ह हार्ड’चं दिसतं: ७५ दिवस, रोज ४५ मिनिटांचा व्यायाम दोनदा, त्यातला एक उघड्यावर, एक गॅलन म्हणजे जवळपास पावणेचार लिटर पाणी, दहा पानं वाचन, ठरवलेला आहार आणि रोजचा फोटो. एक जरी राहिलं तरी मोजणी शून्यावर. जरा हिशेब मांडू. रोजची पाच कामं धरली तर ७५ दिवसांत ३७५ वेळा न चुकता काम व्हायला हवं. एखादा माणूस इतका काटेकोर आहे की प्रत्येक काम करण्याची त्याची खात्री ९९ टक्के आहे, असं समजा. एका चुकीचा दुसरीशी संबंध नाही असं धरलं, तर ३७५ पैकी एकही न चुकण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या थोडी वर येते. शंभरातलं एक काम चुकवणाऱ्या माणसाला आळशी म्हणाल का? या नियमाने तो जवळपास नक्की शून्यावर येतो. आणि चाळिसाव्या दिवशी शून्यावर आलेला माणूस बहुधा पुन्हा एकपासून सुरू करत नाही, सोडून देतो.

शिवाय सवय त्या दिवशी शून्यावर येतच नाही, फक्त मोजणी येते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१०चा अभ्यास याच प्रश्नावर आहे. ९६ जणांनी प्रत्येकी एकच सवय निवडली आणि ती ठरावीक प्रसंगाला जोडून ८४ दिवस नोंदवली. वागणं आपोआप होण्याच्या पातळीला पोचायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक ६६ आला, पण माणसागणिक हे दिवस १८पासून २५४पर्यंत पसरलेले होते (८४च्या पुढचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेला अंदाज). एखादी संधी हुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझा नियम इथून आला आहे, दयेपोटी नाही. चॅलेंज सत्तर दिवसांचं ठेवण्याचं कारणही हेच. ‘२१ दिवसांत सवय’ हे मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०मधल्या निरीक्षणातून पसरलं. तेही शस्त्रक्रियेनंतर माणसाला नव्या रूपाची सवय होण्याबद्दल होतं, आणि त्यात ‘किमान’ हा शब्द होता.

चुकलेल्या दिवसानंतर काय करायचं हेच या चॅलेंजमधलं सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून ते पुन्हा लिहिते. तुमच्यासाठी नसलं तरी बाकीच्यांसाठी.

एक, भरपाई करायची नाही. रोज दहा बैठका ठरल्या असतील आणि मंगळवार चुकला, तर बुधवारी दहाच. वीस काढल्या की सवय नसलेल्या मांड्या भरून येतात. ते दुखणं साधारण एक ते तीन दिवस सर्वात जास्त असतं, म्हणजे नेमके गुरुवार-शुक्रवार हातचे जातात. तक्त्यात एका रिकाम्या रकान्यानंतर एक भरलेला आणि मग सलग तीन रिकामे दिसले, तर मी आधी भरपाईच तपासते.

दोन, दुसऱ्या दिवशी किमान माप पुरे. प्रत्येक सवयीची दोन मापं पहिल्याच दिवशी लिहून ठेवायची: नेहमीचं आणि किमान. वाचनाचं नेहमीचं दहा पानं, किमान एक पान. चालण्याचं नेहमीचं वीस मिनिटं, किमान बूट घालून दारापासून कोपऱ्यापर्यंत. नेहमीच्या मापाला पूर्ण खूण, किमान मापाला ठिपका. ठिपका म्हणजे दिवस झाला, यात वाद घालायचा नाही. किमान माप त्याच दिवशी, थकलेलं असताना ठरवलं, तर ते शून्यच ठरतं.

तीन, आणि हे बहुतेक जण टाळतात: निमित्त तपासायचं, म्हणजे सवय रोजच्या ज्या प्रसंगाला जोडली आहे तो प्रसंग. ‘जेवणानंतर वाचन’ असं लिहिलेलं असतं. जेवण नेमकं कधी संपतं? माणूस ताटावर बसून राहतो, हातात फोन येतो, तासाभराने आठवण येते तेव्हा झोप आलेली असते. त्याऐवजी ‘ताट सिंकमध्ये ठेवलं की पुस्तक उघडायचं’ असं लिहा आणि पुस्तक स्वयंपाकघरातून बाहेर पडताना हाताशी येईल अशा जागी ठेवा. ताट ठेवण्याला एक क्षण असतो. तो आला की गेला, हे कळतं. घड्याळाचा अलार्म हे काम नीट करत नाही, कारण तो वाजतो तेव्हा आपण भलत्याच कामात असतो आणि बोट आपोआप तो बंद करतं. प्रवासात तर सिंकही नसतो. म्हणून प्रवासासाठी वेगळं निमित्त आधीच लिहायचं, उदाहरणार्थ रात्री दात घासून ब्रश परत ठेवला की.

एकाच आठवड्यात तीन दिवस गेले तर मात्र माप अर्धं करायचं आणि नवी सवय जोडायची नाही. सातपैकी पाच दिवस साधल्याशिवाय दुसरी सवय सुरूच होत नाही, हेही लेखात आहे. सोय पाहायची असती तर ही अट घातली असती का?

तक्त्याबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मोबाइलवर सत्तर रकाने फार बारीक दिसतात. पाच-पाच आठवड्यांची दोन पानं करून टाकते, कागदावर छापायलाही बरं पडेल.

पाच मिनिटं चालून वजन उतरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. लेखात वजनाचा उल्लेख एकदाही नाही. दोन मिनिटांच्या सवयी ‘पोरखेळ’ वाटत असतील तर करू नका, कोणी गळ घातलेली नाही. कडक चॅलेंज ज्यांना झेपतं त्यांनी खुशाल करावं, मी कोणाला अडवलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण त्या वाचकाला उद्देशून जे वाक्य लिहिलंत, ते तुम्ही स्वतः काढावं असं मला वाटतं. त्यांच्या तक्त्यात सगळे रिकामे रकाने शनिवार-रविवारचे आहेत आणि त्यांचं निमित्त आहे ‘ऑफिसची बॅग जागेवर ठेवली की’. सुट्टीच्या दिवशी बॅग उचललीच जात नाही. त्यांना शनिवार-रविवारसाठी दुसरं निमित्त हवं आहे. ते मी त्यांच्या प्रतिक्रियेखाली लिहिलं आहे.