सापेक्षता घेतली तरी सिझियमचं गणित अपुरंच राहतं
हायपरफाइन रचनेवरचा (केंद्रकाच्या चुंबकत्वामुळे अणूच्या ऊर्जापातळ्यांत पडणारी बारीक फूट) लेख आवडला, पण त्यातलं 'डिरॅकचं समीकरण वापरलं की जड अणूंची हायपरफाइन रचना बरोबर मिळते' हे विधान अर्धंच खरं आहे. (हे समीकरण इलेक्ट्रॉनाचं वर्णन सापेक्षता धरून करतं.) सिझियमच घ्या. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या ज्यावर उभी आहे, ती ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झची वारंवारता म्हणजे सिझियमच्या हायपरफाइन स्थिरांकाची (या फुटीचं माप) चौपट. म्हणजे स्थिरांक झाला सुमारे २२९८ मेगाहर्ट्झ. नुसत्या डिरॅक-फॉक पद्धतीने (डिरॅकचं समीकरण, पण प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांच्या सरासरी क्षेत्रात धरलेला) तो १४२५ च्या आसपास येतो. सापेक्षता पुरेपूर धरूनही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गायब! ही तूट इलेक्ट्रॉनांमधला सहसंबंध (सरासरीपलीकडचा त्यांचा एकमेकांवरचा परिणाम) धरल्यावरच भरून निघते. बाहेरचा ६एस इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचांना किंचित विचलित करतो, त्याची स्वतःची केंद्रकाजवळची घनताही वाढते. म्हणून हा सहसंबंध मोजणाऱ्या कपल्ड क्लस्टरसारख्या पद्धती लागतात, संगणकाच्या वेळेत कितीही महाग पडल्या तरी.

आणखी एक, गॉसियन बेसिस वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनांची तरंगफलनं घंटेच्या आकाराच्या तयार फलनांतून जुळवणाऱ्यांसाठी. एकूण ऊर्जा स्थिरावली की मीही पूर्वी निर्धास्त व्हायचो. मग केंद्रकाला चिकटलेली दोन-तीन एस (गोलाकार) फलनं वाढवून पाहिली: ऊर्जा जेमतेम हलली, हायपरफाइनचा आकडा मात्र चांगलाच सरकला. तेव्हापासून ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

पुढच्या भागात बोर-वाइसकॉफ परिणामावर (केंद्रकाचं चुंबकत्व एका बिंदूत नसून पसरलेलं असल्याने पडणारा फरक) जरूर लिहा.