उड्डाणपुलाचे पेढे तुम्हीच खा

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर उड्डाणपुलाचा ड्रोनवाला व्हिडिओ फिरतोय. टाळ्या, अभिनंदन, "आता पाच मिनिटांत पलीकडे!" पलीकडच्या सिग्नलला जाऊन उभेच राहणार आहात, पण असो. मी काही लिहिलं नाही, कारण तेव्हा मी अण्णांच्या कोपरातली खडी काढत होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पासबुक भरायला निघाले होते, बँक हाकेच्या अंतरावर. फुटपाथवर मधोमध विजेची डीपी, तिच्या दोन्ही अंगांना लावलेल्या दुचाक्या. त्यातून वाट काढताना मागून एक मोटरसायकलवाला फुटपाथवरूनच हॉर्न मारत आला. अण्णा दचकून रस्त्यावर उतरले आणि पडले. घरी येऊन काय म्हणावं? "मीच त्याच्या मध्ये आलो बहुतेक."

अहो, फुटपाथवर!

हा माणूस कसब्यातून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत नोकरीभर सायकलने गेला. पुणे सायकलींचं शहर म्हणून आपण मिरवतो ते अशांच्या जिवावर. आणि आता तोच रस्त्यात आल्याबद्दल ओशाळतोय.

पैसा नाही हे मला सांगू नका. रस्त्यावरच्या जागेचा विचार गाड्यांच्या नाही, माणसांच्या हिशेबाने करा, असं केंद्राचं शहरी वाहतूक धोरण २००६ सालीच सांगून बसलंय. केंद्राच्या पैशातून सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका झाली, कडेला सायकल ट्रॅकही झाले. त्यावरून सलग सायकल चालवून दाखवा, पेढे मी देते. २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, शेकडो किलोमीटरचा. कागदावर काय देखणा आहे! चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. आमच्याकडे डीपी वजा केली तर अण्णा आडवे होऊनच जातील. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग. आणि आम्हाला काय मिळतं? ११ डिसेंबरला, पादचारी दिनाला, एक दिवस गाड्यांविना लक्ष्मी रस्ता. बाकीचे दिवस जीव मुठीत.

हो, पूल लागतात. मीही कार चालवते, हिंजवडीला सायकलने जा असं कुणाला सांगणार नाही. आणि जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ खरंच छान झालेत, तेवढं श्रेय देते. म्हणजे मनात आणलं तर जमतं, हेच तर चिडायचं कारण आहे.

माझं म्हणणं एवढंच की चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद हवी, आणि तिचं वर्गीकरण, म्हणजे ते पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं, याला बंदी हवी. नाहीतर मार्च आला की ते पैसे गुपचूप कुठल्यातरी डांबरात जातात. त्यातच देखभालीचाही वाटा हवा. नुसते पेव्हर ब्लॉक बसवून फोटो काढायचे आणि वर्षभरात केबलवाल्यांनी ते उखडायचे, हे पुरे झालं.

मघाशी फार तापले होते. अण्णा आता ठीक आहेत, चहा घेऊन पेपर वाचतायत. बँकेत उद्या मी जाते म्हटलं तर "मला काय धाड भरलीय?" असं उत्तर मिळालं. पण काठी मात्र शोधून ठेवलीय त्यांनी.

पुढच्या अंदाजपत्रकासाठी महापालिका नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवेल, तेव्हा मी आपल्या गल्लीचा फुटपाथ आणि ती डीपी हलवणं, दोन्ही लिहून देणार आहे. कोणाकोणाला अर्ज भरायचाय ते कमेंटमध्ये सांगा, मजकूर मी तयार करून पाठवते.