मामाच्या गोळ्या आणि तो 'फौजी मेंदू'वाला फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज पडला. पीटीएसडी (युद्धासारख्या भयंकर प्रसंगानंतर जडणारा आजार) म्हणजे मनाचा खेळ, अमेरिकन फॅड, खरा फौजी घाबरत नसतो, काही जण आधीपासूनच कच्चे असतात, लक्ष लागत नाही हा नुसता बहाणा, 21 दिवस ओंकार करा आणि गोळ्या फेकून द्या. एरवी मी सोडून दिलं असतं, पण या वेळी मामाने वाचला आणि चार दिवस त्याच्या पीटीएसडीच्या गोळ्याच घेतल्या नाहीत. चक्कर, चिडचिड, रात्रभर जागा, शेवटी मामी फोनवर रडायला लागली.

सगळ्यात डोक्यात गेला तो 'बहाणा'. अहो, लक्ष नसतं असं नाही, ते भलत्याच ड्युटीवर असतं! मामा पेपरचं एक पान अर्धा तास धरून बसतो, काय वाचलं विचारलं तर सांगता येत नाही, पण गल्लीच्या टोकाला कुणी फटाका लावला की आमची मान वळायच्या आत हा उठून उभा. पंगतीतसुद्धा भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड. मेंदूच्या लहरी मोजतात ना, त्यात दखल घ्यावी अशी गोष्ट समोर आली की साधारण 300 मिलिसेकंदांनी एक लाट उठते. पीटीएसडीवाल्यांमध्ये साध्या कामाच्या गोष्टीला ती सरासरी लहान येते आणि त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या गोष्टीला मोठी. सगळं बळ पहाऱ्यावर खर्च होतंय, पेपरला उरणार काय?

'मनाचा खेळ' म्हणणाऱ्यांनी 2008 चा नेचर न्यूरोसायन्समधला अभ्यास बघावा. व्हिएतनाममध्ये लढलेले अमेरिकन सैनिक, त्यातले बरेच मेंदूला जखम झालेले. मेंदूला जखम नसलेल्यांपैकी 48 टक्क्यांना पीटीएसडी झालेला. आणि ज्यांचा अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग, जखमी झालेला त्या 15 जणांपैकी एकालाही नाही. पंधराच माणसं, मान्य, पण नुसता मनाचा खेळ असता तर मेंदूचा कुठला तुकडा गेला याने काय फरक पडला असता?

'काही जण आधीपासूनच कच्चे असतात' हे मात्र नाइलाजाने अर्धं मान्य करावं लागतं. 2002 मध्ये जुळ्या भावांचा अभ्यास झाला, एक व्हिएतनामला गेलेला, दुसरा नाही. पीटीएसडी झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा मेंदूचा भाग, लहान निघाला आणि त्यांच्या युद्ध न पाहिलेल्या भावांचाही. पण त्या भावांना पीटीएसडी नव्हता ना! आणि मेंदूचा एखादा भाग लहान असणं म्हणजे भित्रेपणा, हे कुठून काढलं?

अमेरिकन फॅड म्हणाल तर लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात 'शेल शॉक'वर (लढाईतल्या सैनिकांच्या अशाच त्रासाचं तेव्हाचं नाव) लेख 1915 चा आहे, तेव्हा फ्रान्सच्या खंदकांत हिंदुस्थानी जवानही होते. ओंकार करा की, बरं वाटत असेल तर कोण नको म्हणतंय, पण गोळी बंद करायची तर डॉक्टरला विचारून.

मामाच्या गोळ्या परत सुरू झाल्यात. आणि काका, तो मेसेज तुम्हीच टाकलेला, आता डिलीट होत नसेल तर निदान खाली लिहा की चुकीचा आहे. मामा अजून ग्रुप उघडून बघतो.