'बॅरी लिंडन', मेणबत्त्या आणि मेणवलीचा वाडा

वाई-साताऱ्याकडे लघुपट करणाऱ्या मुलांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की, दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ चा 'बॅरी लिंडन' एकही विजेचा दिवा न लावता चित्रित केला. त्यासाठी नासाने त्याला चांद्रमोहिमेची लेन्स दिली. त्यामुळे अठरावे शतक जसेच्या तसे पडद्यावर आले. चित्रपट देखणा आहे, पण त्यात माणसांचे मन नाही. आणि शेवटी सल्ला: वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात समई लावा, मोबाइल काढा, लाइटचे भाडे वाचवा.

मेणवलीची आठवण होणे योग्यच. चित्रपटाचा नायक बॅरी सात वर्षांच्या युद्धात, १७५६ ते १७६३ या काळात, सैन्यात आहे; इकडे १७६१ ला पानिपत झाले आणि तिथून जीव वाचवून आलेल्या नाना फडणवीसांचा वाडा मेणवलीत कृष्णेकाठी उभा आहे. काळ एकच. पण मजकुरातली बहुतेक विधाने चूक आहेत, आणि सल्ला तर धोक्याचा.

विजेचे दिवे होते. रात्रीच्या ठरावीक प्रसंगांत, जुगाराच्या टेबलांवर आणि जेवणाच्या दालनात, मेणबत्त्याच जळत होत्या; तेवढे खरे. दिवसाच्या घरातल्या प्रसंगांची गोष्ट वेगळी. छायाचित्रकार जॉन ऑल्कॉटने खिडक्यांबाहेर 'मिनी-ब्रूट' नावाचे मोठे दिवे उभे केले आणि काचांवर ट्रेसिंग पेपरसारखा पारभासक पडदा लावला. कारण साधे आहे. इंग्लंडात हिवाळ्यात दुपारी तीननंतर उजेड उतरतो, आणि एक प्रसंग तर दिवसभर चालतो. सकाळी घेतलेला शॉट आणि चारला घेतलेला शॉट जोडले की पडद्यावर सूर्य उडी मारतो. बाहेरचा दिवा ती उडी थांबवतो. खिडकीतून एकाच बाजूने येणारा, आत जाता जाता विरत जाणारा तो मऊ उजेड नैसर्गिक वाटतो, कारण तो खिडकीच्या दिशेने आणि खिडकीच्या आकारात येतो. याच छायाचित्रणाला ऑस्कर मिळाले. त्यात दिवे होते म्हणून त्याचे मोल तसूभरही कमी होत नाही.

नासाने काही दिले नाही. झाइस या जर्मन कंपनीने चंद्राच्या छायाचित्रणासाठी ५० मिलिमीटर, एफ ०.७ च्या दहा लेन्स बनवल्या होत्या; एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्स आत घेते. त्यांतल्या तीन कुब्रिकने विकत घेतल्या.

त्या लेन्सने काम सोपे केले, हा समज मात्र नीट उलगडायला हवा. तिची मागची काच फिल्मपासून जेमतेम ४ मिलिमीटरवर येत होती. साध्या मूव्ही कॅमेऱ्यात ती बसेना, म्हणून कॅमेरा-तंत्रज्ञ एड डिज्युलिओने जुना मिचेल कॅमेरा कायमचा कापून-तासून घेतला. फिल्म १०० एएसएची होती (एएसए, आजचे आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता). ती धुताना एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, ढकलून २०० ची केली. इतके करूनही पात्रांवर सुमारे ३ फूट-कँडल, म्हणजे ३० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपास उजेड लागत होता. एक मेणबत्ती एक मीटरवर साधारण १ लक्स देते. आता हिशेब करा. म्हणूनच मेणबत्त्या तीन-तीन वातींच्या होत्या, झुंबरांत त्या दाटीने लावल्या होत्या, आणि त्यांच्यावर छताला धातूचे पत्रे टांगले होते. पत्र्यांनी धगीपासून छत वाचवले आणि उजेडही खाली परतवला.

खरी कोंडी फोकसची. एफ ०.७ वर, दोन मीटर अंतरावर, जे स्पष्ट दिसते त्याची खोली पाच-सहा सेंटीमीटर. माणूस बोलता बोलता पुढे झुकला की डोळे धूसर झाले. लेन्समधून आरपार पाहायची सोय त्या कॅमेऱ्यात नव्हती, म्हणून फोकस धरणाऱ्यासाठी काटकोनात बाजूला एक व्हिडिओ कॅमेरा लावला होता. पात्र किती पुढे-मागे झाले ते तो पडद्यावर पाहून चाकी फिरवायचा. आणि पात्रांना हलायची मोकळीक फार थोडी.

'मन नाही' या आरोपाला उत्तर इथूनच सुरू होते. लेन्समुळे माणसे ताठ बसली, हे खरे. पण दिग्दर्शकाने तो ताठपणा त्या समाजाचा स्वभाव म्हणून वापरला. बॅरी आणि लेडी लिंडन पहिल्यांदा पत्त्यांच्या टेबलावर एकमेकांकडे पाहतात तेव्हा शेजारी पाद्री रंट बसलेला आहे. कोणी हलत नाही, बोलणेही नाही. फक्त नजरा जातात आणि परत येतात. ती उठून बाहेर गच्चीवर जाते, तो मागोमाग येतो, हात धरतो. लग्न झाल्यावर लगेचच बग्गीत ती त्याला तंबाखू थांबवायला सांगते आणि तो तिच्या तोंडावर धूर सोडतो. या दोन प्रसंगांमध्ये अख्खे लग्न कळते. मन दाखवायला हुंदके लागतात असे ज्यांना वाटते त्यांना ते दिसणार नाही.

झूमही पाहा. कितीतरी शॉट हातावर किंवा चेहऱ्यावर सुरू होतात आणि हळूहळू मागे सरत जातात, माणूस मोठ्या निसर्गचित्रातला ठिपका होईपर्यंत. चित्रपट ज्यावर बेतला आहे त्या थॅकरेच्या १८४४ च्या कादंबरीत बॅरी स्वतःच बढाया मारत गोष्ट सांगतो. कुब्रिकने निवेदन तिऱ्हाइताकडे दिले, आणि हा निवेदक बॅरीचा शेवट एकाकी आणि निपुत्रिक होणार हे आधीच सांगून टाकतो. मुलगा ब्रायन पडद्यावर हसत असतो आणि तो जाणार हे आपल्याला ठाऊक असते. ही शैली काळजावर ओझे ठेवते. मग मैफलीत बॅरी सावत्र मुलावर धावून जातो, तेव्हा कॅमेरा एकदम हातात येतो, हिंदकळतो. एरवीच्या स्थिर चौकटीमुळेच तो धक्का बसतो. कोठारातले शेवटचे द्वंद्व तर कादंबरीत नाहीच. समोरचा सावत्र मुलगा भीतीने ओकतो, बॅरी गोळी जमिनीत झाडतो. पात्राच्या मनाचा तळ दाखवणारा हा प्रसंग कुब्रिकचा स्वतःचा आहे.

'शतक जसेच्या तसे' याला एक दाखला पुरे. त्या गच्चीवरच्या चुंबनामागे वाजणारे संगीतकार शूबर्टचे त्रिवाद्य १८२७ चे, कथेच्या काळानंतर जवळपास चाळीस वर्षांनी रचलेले. भावना त्या सुरांत सापडली म्हणून ते घेतले. इतिहासाचा अभ्यास कडक, पण प्रसंगाची गरज त्याहून वरचढ.

आता समई आणि मोबाइल. आजचा चांगला कॅमेरा ३२०० आयएसओ, एफ १.४ आणि १/५० शटरवर सुमारे ८ लक्समध्ये चित्र देतो. पाच मोठ्या वातींची समई पाऊण मीटरवर जवळपास तेवढे देते, म्हणजे समईजवळचा चेहरा साधेल. पण दीड मीटरवर उजेड चौथाई होतो, आणि वाड्याचे काळपट सागवान तो गिळून टाकते. मोबाइल आपोआपच्या सेटिंगवर सोडला तर तो शटर मंदावतो, हात फिरला की पुसट रेघ उमटते. ज्योतीचा पिवळेपणा तो पांढरा करू पाहतो. ज्योत हलली की अख्खी चौकट उजळते-मिणमिणते. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा) २५०० केल्विन, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद ठेवा. तेलाची पातळी आणि वातीची लांबी प्रत्येक टेकआधी सारखी करा, नाहीतर जोडताना फरक दिसतो.

समई चौकटीत दिसण्यापुरती असू द्या. उजेड द्यायला त्याच दिशेने, चौकटीबाहेर, पिवळा बल्ब डिमरवर घ्या, त्यापुढे दुहेरी ट्रेसिंग. उलट बाजूला काळे कापड, म्हणजे सावली टिकते. एलईडी स्वस्त असेल तर आधी चित्रीकरण करून लुकलुक तपासा. दिवसाच्या प्रसंगाला ऑल्कॉटचीच रीत: खिडकीबाहेर दिवा, खिडकीवर ट्रेसिंग.

आणि मेणवलीच्या वाड्यात उघडी ज्योत लावूच नका. तिथे भिंतींवर जुनी चित्रे आहेत, वर लाकडी तुळया. काजळी एकदा बसली की रंगासकटच निघते. कुब्रिकने छताखाली पत्रे टांगले होते, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी आधी लिहायला हवे होते. समईचा प्रसंग गावातल्या एखाद्या साध्या खोलीत, मागे वाड्यासारखा कोपरा उभा करून घ्या, शेजारी वाळूची बादली ठेवा, आणि वाड्यात फक्त दिवसाचे शॉट घ्या.