नव्या वाइनरीत गेलात तर सगळ्यात साधी वाइन आधी मागा

नवी वाइनरी सापडली की मला पहिला घोट तिच्या सगळ्यात साध्या वाइनचा हवा असतो. रिझर्व्ह, म्हणजे वाइनरीने खास म्हणून वेगळी काढलेली नको, पदकवाली नको. गेल्याच हंगामातली, लाकडाच्या पिंपात न ठेवलेली आणि त्यांनी सगळ्यात जास्त बनवलेली असेल ती द्या. नुकतीच एक लहानशी, अगदी तरुण वाइनरी पाहण्यात आली आणि तिथे हे मत आणखी पक्कं झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. वाइनरीचं नाव मुद्दाम देत नाही. इतक्या नव्या जागेवर माझ्या एका दुपारच्या मताचा शिक्का बसावा असं मला वाटत नाही.

त्यांची साधी वाइन होती सोव्हिन्यॉ ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन, स्टीलच्या टाकीत आंबवलेली. अशा वाइनला लपायला जागाच नसते. द्राक्षं तोडायला चार दिवस उशीर झाला तर आंबटपणा उतरतो आणि वाइन बेचव, जड लागते. आंबताना टाकी तापली तर बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर निम्मा सुगंध निघून जातो. हवा जास्त लागली तर फळाचा ताजेपणा आधी जातो, मग रंगही तपकिरीकडे झुकतो. पिंपातल्या वाइनमध्ये यातलं बरंच काही व्हॅनिलाच्या आणि भाजक्या वासाखाली झाकलं जातं, इथे नाही. या द्राक्षात ढोबळ्या मिरचीसारखा एक हिरवा वास असतो. तो पायराझिन नावाच्या संयुगांमुळे येतो आणि फळ पिकत जातं तसा कमी होतो. त्यांच्या वाइनमध्ये तो होता, पण मागे. पुढे लिंबाची साल, आणि शेवटी तोंडाला पाणी सुटेल असा स्वच्छ आंबटपणा. तोडणीचा दिवस कुणीतरी बागेत फिरून, मणी चाखून ठरवलाय हे त्या घोटात कळत होतं. मला फार आनंद झाला.

रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, मात्र आवडली नाही. रंग सुंदर होता. काळ्या द्राक्षांची साल रसात थोडेच तास ठेवून तो मिळवतात आणि तेवढं त्यांना छान जमलं होतं. पण साखर जास्त ठेवली होती. पातळ फळावर साखरेचं पांघरूण घालायची ही सवय नव्या वाइनऱ्यांनी लवकर सोडावी असं मला मनापासून वाटतं.

शिराझ या लाल वाइनपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. काळ्या मिरीचा वास इतका ठसठशीत की ग्लास खाली ठेववेना. तो वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा. खऱ्या मिरीतही तेच असतं. द्राक्षातला हा दुवा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उलगडला. ते सालीत साठतं आणि थंड हवेत, सावकाश पिकलेल्या फळात जास्त सापडतं. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणारा तुरटपणा, अजून खरबरीत होतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात. हा दोष नव्हे, वय आहे. बाटलीत भरून फार दिवस झाले नव्हते, आणि भरणीनंतर काही काळ वाइन मुकी होते, म्हणजे तिचा वास आणि चव दबते, हेही लक्षात ठेवायला हवं. असल्या वाइनला 'कडक आहे' म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

रिझर्व्ह कॅबरने सोव्हिन्यॉ ही लाल वाइन शेवटी आली. नवं ओकचं लाकूड, २२५ लिटरचं पिंप, जड बाटली. मला फक्त लाकूड लागलं. वेली कोवळ्या आहेत, म्हणून ओकचा आधार घेतला, असं वाइनमेकरने मोकळेपणाने सांगितलं. इथे मी वाद घातला. वेलीला पहिलं वापरण्याजोगं पीक साधारण तिसऱ्या वर्षी येतं आणि त्या पिकाला लोक उगाच हिणवतात. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये ब्रिटिश वाइन व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी घडवून आणलेल्या चाचणीत लेबलं झाकून वाइन दिल्या होत्या. फ्रेंच परीक्षकांनी फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या मातब्बर वाइन मागे टाकून पहिला क्रमांक दिला तो कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सच्या १९७३ च्या कॅबरनेला. त्या वेली होत्या अवघ्या तीन वर्षांच्या! कोवळ्या वेलीचं फळ नीट सांभाळा, ते स्वतःचं बोलतं.

तिथल्या भिंतीवर पदकंही होती. मी त्यांच्याकडे पाहत नाही. वाइनरीमालक आणि संशोधक रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली, तेव्हा जवळपास दहातल्या एकालाच आपल्या निकालात सातत्य राखता आलं. आणि बोर्दोतला २००१ चा प्रयोग तर सर्वांनी वाचावा असा आहे. पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग घातला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेली नाकंही डोळ्यांचं ऐकतात. म्हणून शक्य असेल तिथे मी लेबल न पाहता ग्लास भरून घेतो.

जाणार असाल तर चाखून थुंका, त्यात संकोच नको. थुंकायचं भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं, आणि तिसऱ्या ग्लासनंतर न थुंकणाऱ्याला सगळंच आवडू लागतं. पांढरी वाइन फार गार दिली असेल तर ग्लास तळहातात धरून बसा. ८ ते १२ अंशांच्या आसपास ती बोलू लागते, त्याखाली वासही दबतो आणि दोषही. सगळं चाखून झालं की पहिल्या साध्या वाइनकडे परत या. मी आलो तेव्हा ती अजून खुलली होती, आणि रिझर्व्हनंतरही फिकी वाटली नाही. टाकीत सध्या काय आहे, ते चाखायला मिळेल का, हे जरूर विचारा. ज्यांना आपल्या कामावर विश्वास असतो ते नळ उघडून देतात. इथे दिला, आणि अजून बाटलीत न भरलेली गढूळ, यीस्टचा वास असलेली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आताच्या कुठल्याही बाटलीपेक्षा मला आश्वासक वाटली.

निघताना त्यांना एकच विनंती केली, ती सगळ्याच नव्या वाइनऱ्यांना करतो. मागच्या लेबलवर सूर्यास्ताची आणि परंपरेची वर्णनं छापण्याऐवजी तोडणीची तारीख छापा, पिंप वापरलं का ते सांगा, साखर किती उरली ते लिहा आणि बाटली कधी भरली तेही द्या. एवढं छापलंत तर पुढच्या वर्षीची बाटली याच वर्षीच्या बाटलीशेजारी ठेवून तुमचं काम आम्हाला नीट वाचता येईल.