अर्धं गाजर

मिक्सरचा कपलर गेला. आठ महिन्यांच्या लेकीचं दुपारचं जेवण त्या चटणीच्या भांड्यावर अवलंबून, म्हणून तिला कडेवर घेऊन दुकान गाठलं.

दुकानदारकाकांनी भांडं उघडून आधी वास घेतला. मग पात्याखालचा वाळलेला केशरी थर स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि तो माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

"गाजर."

"किती टाकता?"

"अर्धं."

"अर्धं!" आतल्या पोराला त्यांनी हाक मारून बाहेर बोलावलं. "बघ रे, ताई अर्धं गाजर फिरवतात." पोराने बघितलं. टेबलफॅन घेऊन थांबलेले एक गृहस्थही सरकून बघायला आले.

"अहो, पात्याला लागतं तरी का ते? सगळं उडून भांड्याच्या कडेला बसतं. मग तुम्ही पाणी ओतणार. पोरीच्या पोटात जातंय काय? रंगीत पाणी!"

रोज अगदी हेच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"पुरणयंत्र नाही घरी?"

आहे की. सासूबाईंचं, होळीला निघणारं. त्यातून गाजर सुरेख उतरतं, पण नंतर त्या जाळीचं एकेक भोक टाचणीने कोण साफ करणार, हे कुणी विचारत नाही. आमच्या ह्यांनी मागे एकदा काट्याने केळं कुस्करलं, तर अख्ख्या बिल्डिंगमध्ये "किती करतो हो बाळाचं!" केळं! जे उकडावंही लागत नाही. खिमटीसाठी तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून, भरडून ठेवणारी बाई मात्र कुणाला दिसत नाही.

"आम्ही सरळ मध चाटवायचो," फॅनवाले म्हणाले.

"वर्षाच्या आत मध देत नाहीत. त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात. इतक्या लहान आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात."

"मग आम्ही मेलो का?"

ह्यावर उत्तर नसतं. जे गेले ते फॅन दुरुस्तीला येत नाहीत.

काकांनी लेकीच्या तोंडात डोकावून पाहिलं. "दोन दात. आता गुठळ्या द्या, मिक्सर हवाय कशाला?" मिक्सर दुरुस्तीवर पोट असलेला माणूस हे सांगत होता! डॉक्टरही तेच म्हणाले होते: सहाव्या महिन्याला गुळगुळीत, मग भरड, नवव्या-दहाव्यापर्यंत मऊ तुकडे. हिरड्यांना तेवढं जमतं, आणि गुठळ्यांना उशीर केला तर पुढे मुलं खाण्यात नखरे करतात. सगळं मान्य. पण गुठळी जिभेवर आली की ही लाल होते, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर, ऑक् ऑक् सुरू. आवाज येतोय तोवर ती उबळच असते, खरं गुदमरणं बहुतेकदा बिनआवाजाचं, हे मला पाठ आहे. सासूबाईंना नाही. त्या धावत येऊन पाठीत धपाटे घालतात. मग ती रडते, घास बाहेर, आणि संध्याकाळी फोनवर साऱ्या नातेवाइकांना बातमी: "सूनबाई पोरीला गाजराचे खडे भरवते."

म्हणून मी मिक्सर लावते. हे काकांना सांगणार होते, पण ते बिल लिहायला लागले होते. बिघाडाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अर्धे गाजर.'

ते बिल आता आमच्या फ्रिजवर आहे. ह्यांनी लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतात.